मदत हवी आहे : इक्वालुइट ते पॅन्गनिर्टुंग, हाताशी किती दिवस जादा ठेवावेत?

ऑगस्टमध्ये आम्ही दोघं ओटावाहून कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात, औयुइत्तुक राष्ट्रीय उद्यानात ट्रेकला निघालोय. नुनावुतची राजधानी इक्वालुइट ते उद्यानाजवळचं गाव पॅन्गनिर्टुंग, सरळ रेषेत जेमतेम ३०० किमी, विमानाने तासाभराचं काम. रस्ता मात्र नाहीच. पॅन्गनिर्टुंगची धावपट्टी खडीची, आखूड, चक्क गावाच्या मधोमध आणि आजूबाजूला डोंगरकडे. वारा सुटला किंवा ढग उतरले की विमान उतरतच नाही म्हणे.

परतताना पॅन्गनिर्टुंगहून इक्वालुइटला पोचायचं आणि तिथून ओटावाचं विमान त्याच दिवशी, तीन तासांच्या अंतराने घ्यावं असं ह्यांचं मत. मला धाकधूक वाटतेय. कुणी गेलंय का? एक रात्र पुरेल की दोन ठेवू? आणि स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही, तो गावात मिळतो का?