मदत हवी आहे : वीजबिलाच्या आलेखातील अंतःखंडाचा अर्थ कसा सांगावा?

सोलापुरात दहावीच्या मुलांना रेषेचा चढ आणि वाय-अक्षावरील अंतःखंड (रेषा त्या अक्षाला जेथे छेदते तेथील मूल्य) शिकवण्यासाठी मी घरगुती वीजबिलाचे उदाहरण निवडले आहे, कारण येथील उन्हाळ्यात कूलरमुळे फुगणारे बिल प्रत्येकाच्या परिचयाचे असते. स्थिर आकार म्हणजे अंतःखंड आणि प्रतियुनिट दर म्हणजे चढ, इथवर सारे सरळ आहे. मात्र 100 युनिटांनंतर दर वाढत असल्याने रेषा तेथे मोडून अधिक उभी होते. हा दुसरा तुकडा मागे वाढवला, तर तो वाय-अक्षाला स्थिर आकाराच्या खाली, दोन दरांतील फरकाच्या शंभरपट अंतरावर छेदतो. शून्य युनिटांना लागूच नसलेल्या या अंतःखंडाचा व्यवहारातील अर्थ मुलांना कसा समजावून सांगावा, याबाबत कृपया मार्गदर्शन करावे.