'दुटप्पी' की 'दुहेरी निकष'?

शब्दवेडी:
एका मासिकासाठी निर्बंधांवरच्या लेखाचा अनुवाद करते आहे. लेखकाचं म्हणणं असं: २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि चारच दिवसांत, २८ तारखेला, फिफा आणि युएफा या फुटबॉलच्या जागतिक आणि युरोपीय संघटनांनी रशियाचा संघ आणि क्लब बाहेर काढले. २००३ मध्ये इराकवर चढाई झाली तेव्हा अमेरिका किंवा ब्रिटनच्या संघाला कोणी हात लावला नाही. याला तो 'डबल स्टँडर्ड' म्हणतो. मी 'दुहेरी निकष' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'दुटप्पीपणा' केलं. मला ते खटकतंय. दुटप्पी माणूस असतो, त्यात त्याची नियत आली. इथे मुद्दा नियमाचा आहे. तुम्ही काय म्हणाल?

जुना वाचक:
संपादकांचं बरोबर आहे. 'दुहेरी निकष', 'दुहेरी मापदंड' ही सगळी भाषांतराच्या टेबलावर जन्मलेली मराठी. बोलताना कोण म्हणतं? दुटप्पी म्हणजे दु + टप्पा, दोन ठिकाणी टप्पा खाणारं बोलणं, असं मी मानतो. आणि अस्सल मराठीच हवी असेल तर 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' आहेच की.

दर्यावर्दी:
सहमत नाही. बाब्याच्या म्हणीत निदान माया आहे, आई पोराला पाठीशी घालते. फिफा कोणाची आई? आणि दुटप्पी म्हणजे बोलायचं एक, करायचं एक. एकच नियम माणूस पाहून बदलणं ही वेगळी गोष्ट. तिला 'एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा' म्हणा. लांब आहे, पण नेमकं आहे.

मी तेलवाहू जहाजांवर होतो. डिसेंबर २०२२ पासून रशियन कच्च्या तेलाला पिंपामागे ६० डॉलरची कमाल किंमत लावली गेली. त्याहून महाग घेतलं तर पाश्चात्त्य विमा नाही. म्हणून माल या किमतीच्या आतच घेतला आहे, असा लेखी दाखला कागदपत्रांत लागायचा. तो नसेल तर पुढे सगळंच अडतं. त्याच काळात युरोपच्या बंदरांत रशियाचा द्रवरूप वायू राजरोस उतरत होता, त्याला असली मर्यादा नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेल घेतो म्हणून आपल्या मालावर अमेरिकेने आणखी २५ टक्के शुल्क लावलं. चीन आपल्यापेक्षा जास्त घेतो, त्याच्यावर तेव्हा या कारणासाठी काही लावलं नाही. हे नुसतं 'दुटप्पी' म्हणून भागत नाही हो.

रानवारा:
मूळ गोंधळ 'सँक्शन' या शब्दातच आहे. वडील बँकेत होते. आमच्या घरी सँक्शन म्हणजे कर्जमंजुरी, सँक्शन लेटर आलं की पेढे. वर्तमानपत्रात इराणवर सँक्शन हे वाचून मी लहानपणी पार गोंधळायचो. 'निर्बंध' हा शब्दही आता करोनाने खाल्ला, निर्बंध शिथिल म्हटलं की दुकानांच्या वेळाच आठवतात. हिंदीतून आलेलं 'प्रतिबंध' मात्र नको. मराठीत प्रतिबंधक लस असते.

जुना वाचक:
'निर्बंध' उत्तम आहे, त्याला हात लावू नका. पोखरणनंतर १९९८ ला सगळ्या मराठी वृत्तपत्रांनी हाच वापरला.

दर्यावर्दी:
तिथेच तर घोळ आहे. १९९८ चे निर्बंध अमेरिका, जपान वगैरेंनी आपापले लावले होते. १९९० चे इराकवरचे सुरक्षा परिषदेच्या ६६१ क्रमांकाच्या ठरावाने आले. दोन्हींना आपण एकच शब्द देतो. मग एखाद्या देशाची मर्जीसुद्धा जगाचा कायदा असल्यासारखी वाटायला लागते. 'एकतर्फी निर्बंध' असं दर वेळी लिहिलं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ४१ व्या कलमात तर सँक्शन हा शब्दच नाही, 'उपाय' अशा अर्थाचा शब्द आहे.

डबलिनकर:
बहिष्काराला इंग्रजीत 'बॉयकॉट' म्हणतात, तो शब्द ज्याच्या नावावरून आला त्याची गोष्ट इथे आयर्लंडमध्ये शाळकरी पोरंही सांगतात. १८८०, मेयो परगणा. कॅप्टन बॉयकॉट हा जमीनदाराचा कारभारी. कुळांनी त्याचं पीक कापायला नकार दिला, दुकानदार माल देईनात. शेवटी बाहेरून पन्नासेक मजूर आणले आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास शिपाई. तेव्हा ब्रिटिश सरकार त्याला दहशत म्हणालं. आजही तेच. सरकारने केलं की धोरण, लोकांनी केलं की गुन्हा. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी धंदा करणाऱ्या कंपन्यांतून पैसे काढून घेतले. आज तीसहून अधिक राज्यांत इस्रायलवर बहिष्कार टाकणाऱ्यांच्या विरोधात कायदे किंवा आदेश आहेत.

जुना वाचक:
दक्षिण आफ्रिकेचं म्हणाल तर आपण किंमत मोजली आहे. १९४६ लाच व्यापार तोडला. १९७४ ला टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचूनही खेळलो नाही, कप त्यांना जाऊ दिला. स्वतःचं नुकसान करून घेतो त्याला दुटप्पी कसं म्हणायचं?

शब्दवेडी:
पण माझा प्रश्न 'निकष' चालेल का हा होता…

माणगावची:
दक्षिण आफ्रिकेचं सांगता, घरचं कोण सांगणार? रायगड जिल्ह्यात माझ्या मामाचं घर गावकीने वाळीत टाकलं होतं, जमिनीच्या वादावरून. दुकानातून मीठ मिळायचं नाही. दुकानदाराने दिलं तर त्याला दंड. मामी तिन्हीसांजेला पुढच्या गावी चालत जायची वाणसामान आणायला. आजी गेली तेव्हा खांदा द्यायला फक्त पाहुणे होते, भावकीतला एक नाही. भांडण मामाचं, शिक्षा मात्र शाळेत जाणाऱ्या पोरींना, त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. २०१६ ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला तो अशाच घरांमुळे. ज्या गावाने हे केलं तेच गाव रस्त्यासाठी 'मतदानावर बहिष्कार' असा फलक लावतं आणि त्याला आपण सगळे लोकशाही म्हणतो. शब्द एकच आहे.

रानवारा:
ताई, वाचून पोटात खड्डा पडला. पण दोन्ही एका पारड्यात नका घालू. सत्तेला नाही म्हणणं आणि एका घराचं मीठ तोडणं यात फरक आहे.

माणगावची:
फरक आहेच. पण देश देशाचं मीठ तोडतो तेव्हा 'आर्थिक निर्बंध' असा स्वच्छ शब्द मिळतो, त्याला 'वाळीत टाकलं' असं एकही वर्तमानपत्र लिहीत नाही. लिहून बघा, वाचणाऱ्याला लगेच दिसेल कोणाची पोरं उपाशी आहेत ते.

दर्यावर्दी:
इराकमध्ये नेमकं तेच झालं. औषधं कागदावर वगळलेली होती, तरी मंजुरीत माल अडकायचा. संयुक्त राष्ट्रांचे तिथले मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ ला याच कारणाने राजीनामा दिला, त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० ला.

जुना वाचक:
'वाळीत' वरून आठवलं. याचा वाळूशी किंवा सुकण्याशी संबंध लावू नये. 'वाळणे' म्हणजे वगळणे, बाहेर ठेवणे, हा जुना अर्थ आहे. आणि बहिष्कार 'टाकतात' हे मला अजून पचत नाही. आमच्या पिढीत बहिष्कार घालत.

डबलिनकर:
अहो, घालतात ती बंदी. बहिष्कार टाकतातच. सोलापूरला आजोबांच्या तोंडी मी कायम 'टाकला' असंच ऐकलं आहे.

जुना वाचक:
आजोबांचं जन्मसाल सांगा, मग बोलू.