नवीन पीसी असेंबल केला, बायोसमध्ये एकही ड्राइव्ह दिसत नाहीये

कोकणी_कीबोर्ड:
मंडळी मदत करा, कालपासून डोकं आउट झालंय. पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने पीसी जोडला. सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेऊन चिपळूणला आणलं, म्हणजे आता परत दुकानात जायचं तर एक अख्खा दिवस गेला. आय५ १०४०० प्रोसेसर, बी५६० चिपसेटचा (बोर्डावरची प्रोसेसरची मदतनीस चिप) मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी (पट्टीसारखी, थेट बोर्डात बसणारी) आणि जुन्या पीसीतली १ टीबी हार्डडिस्क. ग्राफिक कार्ड नाही, भाव ऐकून लांबूनच नमस्कार केला. पीसी पहिल्या झटक्यात चालू झाला, रॅम दिसते, पंखे फिरतात, फक्त पेढे वाटायचे राहिले होते. पण विंडोज टाकायला गेलो तर ड्राइव्हची यादी कोरी, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग) बघितलं तर तिथेही ना एसएसडी ना हार्डडिस्क. एसएसडी वरच्या स्लॉटमध्ये आहे, हीटसिंकवाल्या, तीनदा काढून परत लावली. दुकानदार फोनवर म्हणतो टेस्ट करूनच दिलीय, तुमचंच काहीतरी चुकतंय. हार्डडिस्कवर ताईच्या लग्नाचे फोटो आहेत म्हणून जास्त टेन्शन.

फॉरमॅट_मास्तर:
विंडोजच्या सेटपमध्ये इंटेलचा आरएसटी (स्टोरेजचा) ड्रायव्हर लोड कर, पेनड्राइव्हवर टाकून. माझ्या लॅपटॉपला हेच झालेलं, पाच मिनिटांत एसएसडी दिसली.

चहाबाज:
मास्तर, तुमचं बरोबर आहे पण ते वेगळं दुखणं. तिथे बायोसमध्ये ड्राइव्ह दिसतो आणि फक्त विंडोजला दिसत नाही. ह्याला बायोसमध्येच दिसत नाहीये तर ड्रायव्हर टाकून काय उपयोग.

भावा, तुझा प्रोसेसर १०व्या पिढीचा आणि बोर्ड बी५६०, इथेच गोची आहे. १०व्या पिढीच्या प्रोसेसरमधून पीसीआयईच्या १६ लेन (डेटाचे रस्ते) निघतात आणि त्या सगळ्या ग्राफिक कार्डच्या स्लॉटला जातात. ११व्या पिढीत २० झाल्या, त्या वाढीव ४ एसएसडीसाठी. ५०० सिरीजच्या बोर्डावर (तुझा बी५६० त्यातलाच) प्रोसेसरला चिकटून असलेला एम.२ स्लॉट, म्हणजे एसएसडीची खाच, सहसा थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, म्हणजे १०४०० लावला की तो स्लॉट मेलेलाच. एसएसडी चांगली, बोर्ड चांगला, दुकानदारही खोटं बोलत नाहीये, फक्त विकताना हे सांगितलं नाही. एसएसडी खालच्या स्लॉटला लाव, तो चिपसेटवरून चालतो. मॅन्युअलमध्ये एम.२ च्या तक्त्याखाली बारीक अक्षरात ११व्या जनरेशनचा उल्लेख असेल बघ, तो कोणीच वाचत नाही, मीही नव्हता वाचला.

लावताना एसएसडी तिरकी आत सरकव, मग दाबून स्क्रू. आणि खालच्या स्लॉटमुळे एखादा साटा पोर्ट (हार्डडिस्कची केबल लागते तो) बंद पडतो का तेही त्याच तक्त्यात बघ.

हार्डडिस्कचं कारण वेगळं असणार. पीसी चालू असताना तिच्यावर हलका हात ठेव, थरथर जाणवते का?

कोकणी_कीबोर्ड:
दादा तुम्ही देवमाणूस!! खालच्या स्लॉटला लावली आणि बायोसमध्ये नाव आलं. मॅन्युअलमध्ये खरंच लिहिलंय, पान २ वर, मुंगीच्या अक्षरात. साटा पोर्टचं म्हणाल तर फक्त साटावाली एम.२ लावली तरच एक पोर्ट जातो, माझी एनव्हीएमई आहे.
हार्डडिस्कला थरथर अजिबात नाही, मढ्यासारखी थंड. आता आठवलं, नवीन एसएमपीएसची (पीसीचा पॉवर सप्लाय) साटा पॉवरची वायर सुटी येते, ती मी लावलीच नाही, पिशवीत कुठे गेली ते माहीत नाही. जुन्या एसएमपीएसची तशीच एक वायर आहे, दोन्ही टोकं फिट बसतायत, ती लावू का?

चहाबाज:
अरे थांब थांब थांब. लावू नकोस!

हार्डडिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं, १५ पिनचं. पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठली पिन कुठला व्होल्ट हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा फरक असू शकतो. ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट गेले की हार्डडिस्कचं सर्किट जळतं आणि त्याबरोबर ताईचं लग्न. फिट बसतंय म्हणून फसू नकोस. एसएमपीएसचा खोका उलटा करून झटक.

सर्किटवाली_मावशी:
चहाबाज यांना १०० टक्के अनुमोदन. माझ्या भाच्याने हेच केलं होतं, दोन डिस्क एका मिनिटात गेल्या आणि वर मलाच विचारतो मावशी वास कसला येतोय. आणि बाळा, वायर सापडली तरी विंडोज टाकताना हार्डडिस्क काढून ठेव. नाहीतर घाईत चुकीच्या ड्राइव्हवर फॉरमॅट दाबशील किंवा बूटच्या फाइल्स जुन्या डिस्कवर जाऊन बसतील. विंडोज झालं की पीसी बंद करून मग जोड. नंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये इनिशियलाइझ (डिस्क कोरी समजून नव्याने तयार करणं) विचारलं तर हो म्हणू नकोस, आधी इथे येऊन विचार.

कोकणी_कीबोर्ड:
वायर सापडली, थर्माकोलच्या खाचेत होती! मावशी, तुम्ही सांगितलं तसंच केलं, आधी विंडोज, मग डिस्क. काही विचारलं नाही, आपोआप डी ड्राइव्ह म्हणून आली, फोटो सगळे आहेत, आईला दाखवलेसुद्धा. आता शेवटचा प्रश्न, वरचा हीटसिंक रिकाम्या स्लॉटवर उगाच मिरवतोय, तो खालच्या एसएसडीवर लावता येईल का?

चहाबाज:
स्क्रूची भोकं जुळली तर लाव, पॅडवरचा प्लास्टिकचा कागद मात्र काढ. नाही जुळली तर राहू दे, पुढे सेकंड हँड ११४००, म्हणजे ११व्या पिढीचा, मिळाला तर वरचा स्लॉट जिवंत होईल. बायोस अपडेट आधी करायचा मात्र.