मदत हवी आहे : पाण्यावर गोळा केलेल्या हायड्रोजनचा आंशिक दाब

वेंगुर्ल्यात बारावीच्या मुलांसाठी घरीच प्रयोग बसवतेय. मॅग्नेशियमची पट्टी ०.०४५ ग्रॅम, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल जास्त प्रमाणात, वायू पाण्यावर उलट्या मोजनळीत. आकारमान ४८ मिली, पाण्याचं तापमान ३०° से. मोबाईलच्या बॅरोमीटरवर १००८ हेक्टोपास्कल, म्हणजे ७५६ मिमी पारा. घर समुद्रसपाटीलाच आहे, त्यामुळे उंचीची दुरुस्ती नको.

नळीतली पातळी बाहेरच्यापेक्षा ६.८ सेंमी वर राहिली. भांडं उथळ, नळी आणखी खाली जात नाही. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून ६८ मिमी पाण्याचे ६८ ÷ १३.६ = ५ मिमी पारा वजा केले; आतला एकूण दाब ७५१. डाल्टनच्या नियमाने (एकूण दाब म्हणजे मिश्रणातल्या प्रत्येक वायूच्या स्वतःच्या, म्हणजे आंशिक, दाबांची बेरीज) ३०° च्या पाण्याच्या बाष्पाचा दाब ३१.८ मिमी वजा करून हायड्रोजनचा दाब ७१९.२ मिमी. त्यावरून ०.००१८३ मोल, पट्टीच्या वजनावरून ०.००१८५ यायला हवेत. बाष्प आणि पातळी दोन्ही विसरलं तर ०.००१९२ येतात, म्हणजे मॅग्नेशियम देऊ शकेल त्याहून जास्त! मुलांना हे दाखवायचंच आहे.

अडलंय ते इथे. सहकारी शिक्षक म्हणतात, पावसाळ्यात हवेची आर्द्रता ९०% आहे, तर ३१.८ च्या ९०%च वजा करा. मला हे पटत नाही. नळीतला वायू पाण्याला टेकलेला आहे, बाहेरच्या हवेशी त्याचा संबंध नाही, आणि बॅरोमीटरच्या आकड्यात बाहेरची बाष्प आधीच धरलेली असते. माझं बरोबर आहे ना? आणि नळीतल्या पाण्यात थोडं आम्ल मिसळलेलं असतं, त्याने ३१.८ हा आकडा बारावीच्या पातळीवर बदलावा लागेल का?