मोअर टॉलर, टॉल दॅन मी, व्हेरी टॉलर... डिग्रीचं प्रकरण पोरांच्या डोक्यात कसं घालायचं?

मिरजेची_मावशी
नमस्कार मंडळी. संध्याकाळी आमच्याकडे शेजारपाजारची मुलं अभ्यासाला येतात, बहुतेक मराठी मिडीयमची, नववी-दहावीची. मी काही इंग्लिशची टीचर नाही, बी.कॉम. झालंय, गणित आणि इंग्लिश जमेल तसं घेते. बाकीचं ग्रामर निघतं कसंतरी, व्हॉइससुद्धा जमायला लागलं, पण कम्पॅरेटिव्ह-सुपरलेटिव्ह आलं की घोडं अडतं. एक जण लिहितो "ही इज टॉल दॅन मी", दुसरी लिहिते "मोअर टॉलर दॅन मी" आणि तिसरा "व्हेरी टॉलर दॅन मी". बरं तक्ता सगळ्यांना पाठ आहे हो, गुड बेटर बेस्ट, टॉल टॉलर टॉलेस्ट घडाघडा म्हणतात, पण स्वतःचं वाक्य करा म्हटलं की परत तेच. आणि डिग्री बदला हा प्रश्न तर विचारूच नका, "गोवा इज द स्मॉलेस्ट स्टेट इन इंडिया" हे पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे साधं स्मॉल वापरून, करायला दिलं तर एकाने लिहिलं "गोवा इज ॲज स्मॉल ॲज इंडिया". हसू की रडू कळेना. सरळ फॉर्म्युला घोकून घेऊ का, नो अदर... ॲज... ॲज? की अजून काही युक्ती आहे? आणि मोअर कुठे लावायचं आणि इआर कुठे, ह्याचा सोपा नियम असेल तर तोपण सांगा, पुस्तकातला नको, तो आहे माझ्याकडे.

खडूवाले_सर
ताई, मुलं मराठी वाक्यच इंग्लिश शब्दांत लिहितायत, म्हणून तक्ता पाठ असून उपयोग होत नाही. आपण काय म्हणतो, "तो माझ्यापेक्षा उंच आहे". ह्यात उंच हा शब्द जागचा हलत नाही, उंच तो उंचच, तुलनेचा सगळा भार त्या पेक्षावर. म्हणजे पेक्षाला दॅन लावला की पोराच्या दृष्टीने काम संपलं, झालं "टॉल दॅन मी". दुसरी मुलगी मनात "जास्त उंच" म्हणते म्हणून मोअर आणते, तेवढ्यात तिला तक्ता आठवतो आणि टॉलर पण येऊन बसतो. तिसऱ्याच्या मनात "खूप उंच" आहे, म्हणून व्हेरी. तिघांच्या तीन वेगळ्या भानगडी आहेत, एकच औषध देऊ नका.

वर्गात मी एवढंच सांगायचो की इंग्लिशमध्ये दोन ठिकाणी खूण लागते, एक विशेषणावर आणि एक दॅनची. विशेषणावरची खूण एकदाच, इआर लावलात तर मोअर नाही आणि मोअर लावलंत तर इआर नाही. वाक्य लिहून झालं की पोरांनी पेन्सिलने दोन गोल करायचे, टॉलरमधल्या इआरला एक आणि दॅनला एक. एकच गोल झाला तर काहीतरी राहिलंय, तीन झाले तर काहीतरी जास्त झालंय. सुरुवातीला कंटाळा करतात, पण पेपरात स्वतःची चूक स्वतःला दिसायला लागते.

आता व्हेरीवाल्यासाठी एक गंमत आहे. व्हेरी हा टॉलला चालतो, टॉलरला चालत नाही, तिथे मच किंवा फार लागतो. हा फार म्हणजे इंग्लिशमधला, एफ ए आर. योगायोगाने आपल्या फारसारखाच ऐकू येतो आणि कामही तेच करतो. फार टॉलर, फार बेटर, फार मोअर डिफिकल्ट. पोरांना हे एकदा सांगा, हसतात आणि विसरत नाहीत. पण त्यांना हेही सांगा की साध्या टॉलला हा फार चालत नाही, नाहीतर उद्या "ही इज फार टॉल" लिहून मोकळे होतील.

मोअर की इआर ह्याला टाळ्या वाजवायच्या. बिग, टॉल, चीप, एक टाळी, इआर. ब्यु-टि-फुल, डि-फि-कल्ट, तीन टाळ्या, मोअर. दोन टाळ्यांचे शब्द तेवढे त्रास देतात. शेवटी वाय असेल तर त्याचा आय करून इआर, म्हणजे हॅपीअर, इझीअर, हेवीअर. बाकी दोन टाळ्यांना शंका आली की मोअर लावा, मोअर केअरफुल, मोअर फेमस. स्पेलिंगमध्ये बिगचा जी आणि हॉटचा टी डबल होतो कारण त्याच्या मागे एकच स्वर आहे, चीप आणि क्लीनमध्ये दोन आहेत म्हणून तिथे डबल नाही. एवढं बस झालं दहावीला.

पोपट_फणसवाडी
मोअर बेटर चालतंय की सर 😄 शेक्सपिअरच्या नाटकांत पण असे डबल सापडतात म्हणे, "मोस्ट अनकाइंडेस्ट" वगैरे. त्याला नाही कुणी लाल शाईने गोल केला.

खडूवाले_सर
@पोपट, त्या काळच्या इंग्लिशमध्ये ते चालत होतं, जोर द्यायला मुद्दाम वापरायचे. आणि शेक्सपिअरला दहावीचा पेपर द्यायचा नव्हता.

कोथरूडचा_टेस्टर
डिग्री बदलाबद्दल बोलतो. फॉर्म्युला घोकून घेऊ नका असं माझं स्पष्ट मत, कारण घोकलेला फॉर्म्युला एका ठिकाणी हमखास फसतो आणि परीक्षक नेमका तिथेच टाकतो. आधी मुलांना मराठीत विचारा की ह्या वाक्यात खरं काय सांगितलंय. गोवा ३७०२ चौ. किमी., त्याच्यावरचं राज्य सिक्कीम, ७०९६ चौ. किमी. म्हणजे गोव्याइतकं छोटं दुसरं राज्यच नाही. झालं की, हेच तुमचं पॉझिटिव्ह, "नो अदर स्टेट इन इंडिया इज ॲज स्मॉल ॲज गोवा". मराठीत ते वाक्य आधीच तोंडात होतं! कम्पॅरेटिव्हला "गोवा इज स्मॉलर दॅन एनी अदर स्टेट इन इंडिया". तुमच्या त्या मुलाला नो अदर म्हणजे "दुसरं कुठलंच नाही" हे कुणी सांगितलेलं नसणार, त्याला ॲज-ॲज तेवढं आठवलं.

आता हा अदर. मुलं तो हमखास गाळतात. "गोवा इज स्मॉलर दॅन एनी स्टेट इन इंडिया" लिहिलं की गोवापण भारतातलं राज्यच आहे ना, म्हणजे गोवा गोव्यापेक्षा छोटा झाला. पण अदर नेहमीच लागतो असंही नाही, आणि घोकणारा इथेच पडतो. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर. साल्हेर हा महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, म्हणून "साल्हेर इज हायर दॅन एनी अदर फोर्ट इन महाराष्ट्र". पण "कळसूबाई इज हायर दॅन एनी फोर्ट इन महाराष्ट्र", इथे अदर नाही, कारण कळसूबाई किल्लाच नाही, नुसतं शिखर आहे. ज्याच्याशी तुलना चाललीय त्या घोळक्यात आपला गडी आहे की बाहेर आहे, एवढं बघायचं.

वन ऑफ द वाला प्रकार पण असाच. "साल्हेर इज वन ऑफ द हायेस्ट पीक्स इन महाराष्ट्र". पीक्स, एस पाहिजे, कारण अनेकांतला एक. पॉझिटिव्हला "व्हेरी फ्यू पीक्स इन महाराष्ट्र आर ॲज हाय ॲज साल्हेर", कम्पॅरेटिव्हला "साल्हेर इज हायर दॅन मोस्ट अदर पीक्स इन महाराष्ट्र". इथे एनी अदर लिहिलं तर कळसूबाईला खाली ढकलल्यासारखं होईल, आणि आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये तर कुणी माफ करणार नाही.

अजून एक, तुलना सारख्या गोष्टींची होते का बघा. "द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन मुंबई" ह्यात पुण्याची हवा आणि अख्खी मुंबई समोरासमोर उभी केलीय. "दॅन दॅट ऑफ मुंबई" पाहिजे. वाक्यातल्या मजकुरावर मुंबईकरांनी वाद घालू नये, उदाहरण आहे.

पोपट_फणसवाडी
घालणार.

लीड्सची_मंजू
सरांच्या टाळ्या आवडल्या, पण मुलं टीव्ही बघतात, यूट्यूब बघतात, तिथे नियमाबाहेरचं ऐकलं की गोंधळतात म्हणून लिहिते. बोअर्ड एका टाळीचा आहे तरी इकडे इंग्लंडमध्ये मोअर बोअर्डच म्हणतात, बोअर्डर नाही. फन पण शाळेत मोअर फन. उलट क्लेव्हर आणि सिंपल दोन टाळ्यांचे, वाय नाही शेवटी, तरी क्लेव्हरर आणि सिंपलर सर्रास चालतं, मोअर क्लेव्हर म्हटलं तरी कुणी काही बोलत नाही. म्हणजे शंका आली की मोअर हा सरांचा सल्ला ठीकच आहे.

दॅन आय की दॅन मी ह्यावरून इथे आधी एका धाग्यावर मारामारी झालेली आठवतेय. बोलताना इकडे सगळे दॅन मी म्हणतात, दॅन आय म्हटलं की जरा पुस्तकी वाटतं. फक्त जिथे अर्थ दोन निघतात तिथे पुढे क्रियापद घालायचं, "शी नोज हिम बेटर दॅन आय डू". मराठीत पण "ती माझ्यापेक्षा त्याला जास्त ओळखते" ह्याचे दोन अर्थ होतातच की, तिथे आपण काय करतो, वाक्य फोडून सांगतो.

आणि आपल्या लोकांचं सगळ्यात ठरलेलं, ऑफिसमध्ये मी पुण्यात असतानापण ऐकायचे, "ही इज सिनिअर दॅन मी". सिनिअर, ज्युनिअर, सुपिरिअर, इन्फिरिअर ह्यांना दॅन नाही, टू लागतो, आणि मोअर सिनिअर टू मी पण नको. हे शब्द लॅटिनमधून आलेत आणि तिकडे ते मुळातच कम्पॅरेटिव्ह होते. प्रिफरलापण टू, "आय प्रिफर टी टू कॉफी".

मिरजेची_मावशी
अहो केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आज लगेच पेन्सिलचे गोल करून बघितले, मोअर टॉलरवालीने तीन गोल केले आणि स्वतःच मोअर खोडलं, मी काही बोललेच नाही. फार टॉलरवर तर हशा पिकला. टेस्टरदादा, तुमचं कळसूबाईचं उद्या घेणार, नकाशा आहे भिंतीवर. एक शेवटचं विचारते, ओल्डर आणि एल्डरमध्ये मुलं अडकतात, पुस्तकात दोन्ही एकाच ओळीत दिलंय आणि पुढे काही सांगितलेलं नाही.

खडूवाले_सर
एल्डर घरातल्या माणसांना आणि नामाच्या आधी. "माय एल्डर ब्रदर". त्याच्यापुढे दॅन लावत नाहीत, "ही इज एल्डर दॅन मी" चूक, तिथे "ओल्डर दॅन मी". आपल्या थोरल्याचं तसंच आहे बघा, "माझा थोरला भाऊ" म्हणतो पण तुलना करताना सहसा "माझ्यापेक्षा मोठा" म्हणतो. झाड, इमारत, गाडी असेल तर ओल्डरच, एल्डर नाही. आणि दोनच भाऊ असतील तर "द ओल्डर ऑफ द टू", ओल्डेस्टला किमान तिघं लागतात, पेपरात हे विचारतात.