मदत हवी आहे: डिमल्सिफायर घालूनही मधला थर फुटत नाही

नमस्कार मंडळी. कच्च्या तेलातलं पाणी वेगळं करायला डिमल्सिफायर (तेल-पाण्याचं मिश्रण फोडणारं रसायन) निवडतोय, बाटली चाचणीत, म्हणजे बाटल्यांत वेगवेगळी मात्रा घालून पाणी किती सुटतं ते बघण्यात, अडकलोय.

१०० मिलीच्या बाटल्या, ६० अंश सेल्सिअस, मात्रा २०, ४० आणि ८० पीपीएम (दहा लाखात इतके भाग). रसायन झायलीन या द्रावकात पातळ करून घालतो, प्रत्येक बाटली सारखीच हलवतो. ४० ला पाणी झटकन खाली बसतं, पंधरा मिनिटांत बरंचसं मोकळं. बघून बरं वाटतं! पण तेल आणि पाण्याच्या मध्ये तपकिरी, सायीसारखा थर राहतो, तो दोन तासांनीही हलत नाही. वरचं तेल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं तर त्यातही थोडं पाणी निघतंच. ८० ला तर उलटंच, पाणी कमी सुटतं आणि गढूळ येतं. हा जास्त मात्रेचाच परिणाम ना?

पाण्याच्या थेंबांभोवती अस्फाल्टीनचं (कच्च्या तेलातल्या जड घटकांचं) कवच असतं हे माहीत आहे, पण मला संशय आहे बारीक घन कणांचा, म्हणजे आयर्न सल्फाइड किंवा माती. तो थर झायलीनमध्ये विरघळला नाही तर घन कणच धरायचे का? तसं असेल तर पाणी पटकन पाडणाऱ्या रसायनाला कण ओले करणाऱ्याची जोड द्यावी, की आधी तापमान वाढवून बघावं?

आणखी एक, नमुना चार दिवसांचा आहे. शिळ्या नमुन्यात इमल्शन (तेलात पाण्याचे थेंब अडकलेलं मिश्रण) घट्ट होतं म्हणतात, तेव्हा कदाचित सगळी चाचणीच पुन्हा करावी लागेल. कुणी हे हाताळलंय का?