प्रबंधाची शेवटची पानं: संदर्भसूची आधी की परिशिष्टं? आणि वर्डने डोकं फिरवलंय

दंडारवेडी:
नमस्कार मंडळी. झाडीपट्टीतल्या (म्हणजे पूर्व विदर्भातल्या) दंडार या लोकनाट्यावर मराठीत पीएचडी करतेय. सगळी प्रकरणं गाईड मॅडमकडून पास झालीत, आता फक्त शेवटचा गठ्ठा उरलाय आणि तोच जीव खातोय. माझ्याकडे निष्कर्ष, कलावंतांच्या मुलाखती, झाडीबोलीतल्या गाण्यांच्या संहिता, प्रश्नावली, फोटो आणि संदर्भसूची एवढं आहे. यातलं आधी काय नंतर काय? एक सिनियर म्हणतो परिशिष्टं आधी, दुसरी म्हणते संदर्भ आधी. शिवाय संदर्भसूची सॉर्ट केली तर ज्यांच्या नावाआधी डॉ. लिहिलंय ते सगळे ड मध्ये गोळा झालेत, क्षीरसागर क मध्ये जाऊन बसलेत. आणि मराठी शीर्षकाचा साइज १६ करते तर शेजारचा इंग्रजी शब्द तेवढा मोठा होतो, मराठी आहे तसंच! कोणी सांगेल का प्लीज, सबमिशन जवळ आलंय.

जुना_खोडरबर:
दोन्ही सिनियर बरोबर आहेत, म्हणून तर गोंधळ. संदर्भ द्यायच्या दोन प्रचलित पद्धती आहेत, शिकागो आणि एपीए. शिकागोत परिशिष्टं आधी आणि ग्रंथसूची शेवटी, एपीएमध्ये बरोब्बर उलटं. त्यामुळे मित्रांना विचारण्यापेक्षा तुमच्या विद्यापीठाचं पीएचडीचं परिपत्रक काढा, त्यात क्रम दिला असेल तर विषय संपला. नसेल तर तुमच्याच विभागात गेल्या दोनतीन वर्षांत पास झालेले प्रबंध ग्रंथालयात बसून चाळा आणि मॅडमना जो क्रम रुचेल तो धरा. परीक्षक क्रमावरून कोणाला अडवत नाहीत हो, अडवतात ते तळटीपेत आहे पण सूचीत नाही यावरून. ते आधी ताडून घ्या.
निष्कर्ष हे प्रकरणच, त्याला प्रकरणाचाच नंबर द्यायचा, ते शेवटच्या गठ्ठ्यात धरू नका. पान क्रमांकही तसेच सलग पुढे चालू ठेवायचे, परिशिष्टाला परत १ पासून सुरुवात करू नका.
मुलाखतींचं मात्र नीट बघा. कोणाची, कुठे, कोणत्या तारखेला घेतली ही यादी संदर्भसूचीत प्राथमिक साधनांखाली, आणि मुलाखतीचा मजकूर परिशिष्टात. गाण्यांच्या संहितेलाही गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख हवीच, आणि झाडीबोलीतला उच्चार आहे तसाच ठेवा, प्रूफवाल्याला तिथे हात लावू देऊ नका.
आणि सूचीचे फार तुकडे पाडू नका. मराठी, हिंदी, इंग्रजी वेगळं ठीक आहे, पण त्यात परत ग्रंथ, कोश, नियतकालिकं, अप्रकाशित प्रबंध, संकेतस्थळं असं प्रत्येक भाषेत केलं की एक नाव शोधायला परीक्षकाला चार पानं उलटावी लागतात.

कीबोर्डकाका:
साइजचं सांगतो. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट समजतो आणि तिचा फॉन्ट, साइज, बोल्ड सगळं वेगळं लक्षात ठेवतो. फॉन्टचा डायलॉग उघडा, त्यात कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असा वेगळा कप्पा आहे, तिथे १६ टाका. पण एकेका शीर्षकाला नको, हेडिंगची स्टाइलच मॉडिफाय करा म्हणजे सगळीकडे एकदम बदलेल.
परिशिष्टांना हेडिंग १ लावलं की त्याला प्रकरण ८, प्रकरण ९ असे नंबर पडतात. त्यासाठी हेडिंग ७ मोकळं असतं, मल्टीलेव्हल लिस्टमध्ये त्याला परिशिष्ट १, परिशिष्ट २ असं जोडा आणि अनुक्रमणिकेच्या ऑप्शन्समध्ये हेडिंग ७ ला लेव्हल १ द्या. आपलं शाळेतलं अ ब क ड वर्डला येत नाही, ते हवं असेल तर हाताने टाइप करा.
सॉर्ट करण्याआधी डॉ., प्रा., श्री. सगळं उडवा, सूचीत पदव्या लागत नाहीत, आडनाव, स्वल्पविराम, नाव एवढंच. हाताने टाकलेले अनुक्रमांकही काढा, नाहीतर तो त्या आकड्यांवरच सॉर्ट करतो. क्ष आणि ज्ञ वाली नावं असून असून किती असणार, ती कट करून ह च्या खाली नेऊन ठेवा. नोंदीची दुसरी ओळ आत घ्यायला कंट्रोल टी, स्पेस मारत बसू नका. ग्रंथनामं तिरकी करायचा मोहही टाळा, मंगलसारख्या फॉन्टला खरं इटॅलिकच नाही, वर्ड नुसती अक्षरं वाकवतो आणि ते भयाण दिसतं. एकेरी अवतरणात ठेवा.
प्रश्नावलीचं पान आडवं हवं असेल तर तिच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे सेक्शन ब्रेक.

पुस्तकांच्या_गराड्यात:
मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. ताई, शोधगंगेचं, म्हणजे प्रबंध जिथे ऑनलाइन ठेवतात त्या भांडाराचं, आत्ताच लक्षात ठेवा. तिथे अख्खा प्रबंध एका पीडीएफमध्ये चालत नाही, प्रकरणागणिक वेगळ्या फाइल लागतात. परिशिष्टं आणि संदर्भ ॲनेक्शर्सच्या फाइलमध्ये जातात, आणि ८० नंबरची रेकमेंडेशन नावाची एक फाइल असते तिच्यात मुखपृष्ठ अधिक निष्कर्षाचं प्रकरण. म्हणून प्रत्येक भाग नव्या पानावर सुरू करा, नाहीतर निष्कर्षाचा शेवटचा परिच्छेद आणि सूची एकाच पानावर येते आणि मुलं आमच्याकडे कापाकापी करायला येतात. साम्य तपासणीत (मजकूर दुसरीकडून उचललाय का ते बघतात त्यात) संदर्भसूची वगळायची असते, यूजीसीच्या २०१८ च्या नियमात तसं आहे, पण तिला ठळक वेगळं शीर्षक द्या म्हणजे वगळणाऱ्याला सापडेल.

दंडारवेडी:
अरे देवा, कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट! तिथे १६ टाकलं आणि चाललं 🙏 डॉ. पण उडवले. परिपत्रकात परिशिष्टं आधी निघालीत, म्हणजे पहिला सिनियर जिंकला. आता डीटीपीवाले दादा म्हणतायत की सगळं श्रीलिपीत बदलून देतो, छापल्यावर अक्षर उठून दिसतं. देऊ का?

कीबोर्डकाका:
अजिबात नाही! श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात गेलं की सॉर्ट गेलं, सर्च गेलं, आणि त्या पीडीएफमधून कोणी गाण्याची ओळ कॉपी केली तर हाती नुसती चिन्हं येतात. युनिकोडमध्येच ठेवा, अक्षर आवडत नसेल तर मुक्ता किंवा कोकिला फॉन्ट लावून बघा, आणि दादांना वर्ड फाइल न देता फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ द्या, म्हणजे त्यांच्या मशीनवर जोडाक्षरं फुटणार नाहीत.